काळ्यावर काळे पट्टे

सासरी नांदायला आल्यावर चौथ्या महिन्यात मी त्या घरातली पाच मेलेली माणसं एका घंगाळात घातली, वरून कोमट पाणी ओतलं, रिठ्याचा फेस केला, काठीनं ढवळली, पिळली आणि एकाच बाजेवर वाळत टाकली. टाकून झाल्यावर कमरेवर हात ठेवून, आपण किती कामाच्या आहोत म्हणून स्वतःचं कौतुकही करून घेतलं. माझं वय तेव्हा पंधरा होतं. अक्कल त्याहून बरीच धाकटी.

माणसं म्हणजे त्यांच्या नावानं राखून ठेवलेली मेंढीची लोकर. पण माणूस आणि त्याची लोकर हा फरक तुम्ही-मी करायचा. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं आणि मी आत्याबाई, ती असला फरक करत नव्हती. आज तिच्याविषयी लिहायला बसले आहे आणि सुरुवात मात्र माझ्या येडेपणापासून करावी लागते आहे. काय करणार? त्या दिवसापर्यंत मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं.

सासर पिंगळीच्या अलीकडं दोन कोसांवर. वारा तसा असला तर आगगाडीची शिट्टी ऐकू यायची. निजामाचं राज्य होतं, पण आमच्यापर्यंत ते वर्षातून दोन-तीनदाच घोड्यावर बसून यायचं. आम्ही मेंढरावाले. माहेरी वालूरला माझ्या आज्यानं मेंढरं काढून टाकली आणि शेती धरली, तेव्हापासून आम्ही स्वतःला जरा वरचे समजायला लागलो होतो. त्यात मी तीन यत्ता शिकलेली. उर्दूत उजवीकडून आणि मराठीत डावीकडून, दोन्ही बाजूंनी माझं नाव लिहिता यायचं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते चुलीपुढच्या राखेत काडीनं लिहून दाखवायची. सासरी उतरले ती नाकाला पदर लावूनच. मेंढरांचा वास यायचा ना! माझं प्रत्येक वाक्य ‘आमच्या वालूरला’ असं सुरू व्हायचं. सासूबाई गरीब स्वभावाच्या, ऐकून घ्यायच्या. आत्याबाईनं आठ दिवसांत माझं नाव पाडलं.

"वालूरवाले, तुमच्या वालूरला सूर्य बी दोन उगवत्यात का गं?"

मी गाल फुगवून आत जायची. ती बाहेर अंगणात मागावर बसून हसायची.

मागावर बसायची ह्यात नवल आहे, ते सांगते. आमच्या लोकांत बायांनी लोकर निवडायची, पिंजायची, कातायची. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून घोंगडी विणायची ती बाप्यांनीच. आत्याबाई विधवा होऊन माहेरी आली, आणि पुढं दोन वर्षांत तिचा विणणारा भाऊ वारला. माग रिकामा पडला. एक दिवस ही बाई उठली, पदर खोचला आणि खड्ड्यात उतरली. गावातली जुनी मंडळी गोळा झाली. बाईचा पाय मागाला लागला तर मेंढरांत रोग शिरतो, असं त्यातल्या एका म्हाताऱ्याचं म्हणणं पडलं. तिनं ऐकून घेतलं, वर आली, आडवा धागा फिरवायचा धोटा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं झालं आलात. मंग तुमी उतरा."

म्हाताऱ्यानं तो धोटा जिवंत मासा धरावा तसा धरला म्हणे. मग हळूच ओट्यावर ठेवून निघून गेला. मी आले तेव्हा तिला विणायला लागून पंचवीसेक वर्षं झाली होती, मेंढरं ठणठणीत होती, आणि त्याच म्हाताऱ्याच्या अंगावर तिनंच विणलेली घोंगडी होती.

दिसायला उंच, काटक. कपाळ मोकळं. घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावावी लागते. त्यासाठी घरात चिंचोक्यांची पोती असायची. त्यातले अर्धे खळीला जायचे आणि अर्धे आत्याबाईच्या पोटात. भाजून कमरेच्या चंचीत ठेवायची आणि दिवसभर एकेक फोडायची. ‘कट्’ असा आवाज आला की ओळखायचं, आत्याबाई विचार करायलीय. दोनदा ‘कट् कट्’ आलं की विचार झाला, आता ती काहीतरी बोलणार. ज्याला शक्य असेल त्यानं तिथून उठावं.

माणसाचं तोंड बघायच्या आधी ती त्याचं कापड बघायची. बघायची म्हणजे दोन बोटांत धरायची. कुणी ओट्यावर येऊन बसलं की हिचा हात त्याच्या धोतराच्या काठाला, पदराला, बंडीच्या टोकाला. चोळून बघितल्यावर मग मान वर. "हे धोतर तुझं न्हाई, भावाचं हाय. भांडून आलास का देऊन धाडलंय?" असं एकदा एका पाव्हण्याला म्हणाली आणि तो बिचारा रडायलाच लागला. भांडून आला होता.

आणि घोंगडी मागायला कुणी आलं तर त्याची परीक्षा असायची. "कुनाची घोंगडी पायजे?" "माझीच, अक्का." "तू कुनाचा?" मग त्यानं बापाचं नाव सांगायचं, आज्याचं सांगायचं, पणज्याचं सांगायचं. ते सगळे सांगायचे, छाती काढून. मग ती विचारायची, "आन् आजीचं?"

इथं भलेभले थांबायचे.

"आजीचं... आजीच म्हणायचो आमी तिला."

"आन् पंजी?"

तो डोकं खाजवायचा.

"पंजा काय आभाळातून पडला व्हता का रे? जा, इचारून ये."

पोखर्णीचा एक गडी असा खरंच परत गेला. त्याच्या घरात पणजीचं नाव ठाऊक असलेलं कुणी उरलं नव्हतं. तो आणखी कुठल्या गावाला, एका म्हाताऱ्या आत्याकडं विचारायला गेला आणि आठ दिवसांनी लांबूनच ओरडत आला, "अक्का, सापडली! सापडली!" जणू हरवलेली म्हैस सापडली. आत्याबाईनं त्याला गूळपाणी दिलं आणि त्याच दिवशी ताणा लावला. तुम्ही म्हणाल, घोंगडी विणायला पणजी कशाला लागते? मीही तेच म्हणायची. ती म्हणायची, "आंगावर घ्यायची चीज हाय. आत कोन हाय ते ठाव नको?"

एकदा परभणीहून गिरदावर आला. जमिनीची पाहणी करायला आलेला सरकारी माणूस, अंगात करकरीत शेरवानी, मागं पाटील हात जोडून. दोरीवर आमच्या घराची घोंगडी ऊन द्यायला टाकलेली. साहेबानं ती बघितली आणि म्हणाला, "बुढी, ये कंबल हमको होना."

पाटलानं डोळ्यांनी आत्याबाईला खुणावलं, दे, दे म्हणून. आत्याबाई उठली, आधी शेरवानीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. पाटलाचा जीव वर गेला. मग म्हणाली, "देते की साहेब. पर ह्यात आमचा बाप हाय, माय हाय. तेन्ला तुमच्या घरी करमायचं न्हाई. तुमची माणसं सांगा, तुमची इनून देते."

साहेबाला मराठी कळत होती. हसला, आणि चेष्टेचेष्टेत वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं.

"आन् माय?"

आईचं नाव त्यानं हळू सांगितलं. मग तो ओट्यावरच टेकला. त्याची आई बिदरकडं कुठंतरी, त्याच्या लहानपणीच गेलेली. ती कसल्या रंगाची ओढणी घ्यायची ते तो कितीतरी वेळ आठवत राहिला, आणि ते काही त्याला आठवेना. शेवटी घोंगडी न घेताच उठला. जाताना त्यानं आत्याबाईला सलाम केला. पाटील त्यानंतर महिनाभर आमच्या दारावरून जाताना घोड्यावरून उतरून जायचा.

आता त्या दोरीवरच्या घोंगडीकडं येते.

आमच्या सासरी एक चाल होती. घरात मूल जन्मलं की बारशाला कळपातली एक कोकरी त्याच्या नावाची करायची. सून आली की तिच्या नावाची. मग त्या मेंढीची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळा वेल त्याच माणसाचा. ओळखू यावा म्हणून प्रत्येक वेलाच्या कानाला निराळी कातर. माणूस गेलं तरी वेल चालायचा, आणि त्याची लोकर निराळ्या मडक्यात पडायची. घराची एक मोठी काळी घोंगडी असायची. प्रत्येक गेलेल्या माणसाचा तीत एक पट्टा, त्याच्याच वेलाच्या लोकरीचा. भाद्रपदात पितरांना जेवू घालायच्या दिवशी, पितरपाट्याला, ती घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर ताटं मांडायची.

पट्टे म्हणते आहे खरी, पण ते कुणाला दिसायचे नाहीत. मेंढ्या सगळ्या काळ्या. काळ्यावर काळे पट्टे!

"मला तर नुसती काळी दिसायलीय," मी एकदा म्हणाले.

"डोळ्यानं बगायलीस मनून," आत्याबाई म्हणाली आणि घोंगडीवरून बोटं चालवत गेली. "ह्यो आजा. लांब लोकर, वढली की येतच ऱ्हाती. गप्पा बी तशाच व्हत्या. ह्यो बाप. टोचतोय बग. जिता व्हता तवा बी टोचायचा. ही माय, हिच्यावर हात ठिवला की झोप येती. आन् ह्यो कडंचा भाऊ, मी जोडलेला. कुरळा. सरळ कवा चाललाच न्हाई. ये, हात लाव."

मी हात पदरात लपवला. वास लागेल म्हणून. त्या पोरीला आज मी भेटले तर तिचा कान धरीन.

त्या घोंगडीला कसर लागली होती. नवी विणायची, ह्या पितरपाट्याला जुनी ठेवून नवी अंथरायची, असं त्या वर्षी ठरलं होतं. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात मडकी भरून ठेवली होती, कडुलिंबाचा पाला घालून. आजा, बाप, माय, भाऊ. माणसं चार. मडकी पाच, पाचवं अगदी लहान, लोटक्याएवढं. तीन यत्ता शिकूनही मला ते मोजता आलं नव्हतं.

श्रावणातला शनिवार. सासू-सासरे आणि आत्याबाई गाडीनं पोखर्णीला नरसिंहाला गेले. नवरा मेंढरांमागं. घरात मी एकटी राणी. म्हटलं, आज ह्या लोकांना दाखवू, वालूरची मुलगी घर कसं ठेवते ते. कोपऱ्यातला तो उकिरडा आधी काढू. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मडकीसुद्धा राखेनं घासून पालथी घातली मी.

दिवस कलायच्या आत गाडी आली. आत्याबाई हातात नारळाचं भकल घेऊन उतरली, बाजेकडं बघितलं आणि जागच्या जागी थांबली. मग जवळ येऊन ओल्या लोकरीत दोन्ही हात घातले. मी पुढं होऊन हसले. शाबासकीची वाट बघत होते हो!

"ल्हान मडक्यातलं बी?" तिनं विचारलं.

"सगळंच, आत्याबाई. लय घाण झालतं."

ती तिथंच बाजेच्या पायाशी बसली. सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या, "असू द्या अक्का, पोर हाय. मेंढरं हायतच की. परत कातरू."

"चौघांची कातरू," आत्याबाई म्हणाली आणि आत निघून गेली. त्या संध्याकाळी चिंचोक्याचा आवाज आला नाही.

भाकरी थापताना सासूबाईंनी मला हळू आवाजात सांगितलं. आत्याबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. बारसं इथंच झालं, आणि आत्याबाईच्या आईनं नातीच्या नावाची कोकरी केली. मुलगी तीन महिन्यांची होऊन इथंच गेली. बापाच्या घरचा उंबरा तिनं बघितलाच नाही. तिची कोकरी एकदाच कातरली, आणि रोग आला त्यात तीही मेली. मागं पिल्लू नाही, वेल नाही. ती एका कातरणीची लोकर तेवढी राहिली. पुढं आत्याबाईनं भावाचा पट्टा जोडला तेव्हा लेकीचाही जोडते म्हणाली होती. माझे सासरे म्हणाले, अक्का, लेकरू तेच्या बापाच्या घरचं असतं, आपल्या घोंगडीत कसं घ्यावं? आणि बापाच्या घरच्यांनी तर विधवा सून गाडीत बसवून परत पाठवलेली. तिथं कोण विणणार?

"मंग कुनाच्या घोंगडीत हाय ती?" मी विचारलं.

"कुनाच्याच न्हाई. ह्या खेपंला मागावर अक्काच हाय, नवी घोंगडी हाय, कुनाला इचारायचंच न्हाई असं मनात धरून बसली व्हती ती. म्या वळखलं व्हतं. मडकं बगून."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली.

मला वाटलं होतं आता ही बाई माझ्याशी बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला माझ्या पायाला तिनं पायानंच ढोसलं. ‘कट् कट्.’

"वालूरवाले, ऊठ. मेंढरं धरायचेत."

डोकं तिचं तल्लख होतं. आजा, बाप, माय, भाऊ ह्या चौघांचे वेल कळपात जिवंत होते. प्रत्येकाची मूठ-मूठ लोकर कातरून समोर ठेवायची. मग बाजेवरच्या त्या गुंतवळातली एकेक बट घ्यायची, चौघांशी ताडून बघायची, ज्याची त्याच्या टोपल्यात टाकायची. "आन् कुनाशीच जुळंना ते," तिनं सांगितलं, "ते इकडं. जे कुनाचंच न्हाई ते तिचं."

मेंढरं धरायची माझ्यावर आली. श्रावणाचा चिखल. नाकाला पदर लावून मेंढी धरता येत नाही, हे मला त्या सकाळी कळलं. कानाची कातर बघायला जावं तर मेंढी तोंड फिरवायची. सासऱ्यांच्या बापाच्या वेलाच्या एका मेंढीनं मला कळपाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढत नेलं, आणि आत्याबाई कातर हातात घेऊन ओरडत होती, "सोडू नको! बाप हाय माझा, सुटला की सापडायचा न्हाई!" नवरा कुंपणाला धरून इतका हसला की खाली बसला. मी नखशिखांत चिखल झाले होते. पण मूठ सोडली नाही.

मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो. पितरपाट्याला महिना होता. रोज सकाळचं काम उरकलं की बसायचं.

"डोळे मीट," ती म्हणायची. "तुज्या डोळ्यानंच घात केलाय."

पहिले चार-पाच दिवस मला काहीच कळेना. सगळी लोकर लोकरीसारखी. चुकीच्या टोपल्यात बट टाकली की ती बोटांवर टिचकी मारायची. सहाव्या दिवशी डोळे मिटून बट चोळत होते आणि एकदम काहीतरी टोचलं.

"आत्याबाई! टोचलं!"

"कोन?"

"तुमचे वडील!"

ती असली हसली की तोंडातला चिंचोका लांब उडाला. "आला का? नातसुनंला बी सोडंना बग म्हातारा!"

त्यानंतर जमत गेलं. आजा लांब निघायचा, भाऊ बोटाला वेढा घालायचा, मायची लोकर हातात आली की खरंच जांभई यायची. हळूहळू बाजेवरचं गुंतवळ चार टोपल्यांत गेलं. आणि पाचव्या टोपल्यात, कुणाशीच न जुळणारं असं मऊ काहीतरी, एकेक बट करून साठलं. सगळं मिळून ओंजळही भरेना. बाकीचं कुठं गेलं? थोडं चौघांत मिसळलं असेल, थोडं माझ्या रिठ्याच्या पाण्याबरोबर नाल्याला गेलं असेल. आत्याबाईनं ते तळहातावर घेऊन तोललं. कडेपासून कडेपर्यंत निदान दहा-बारा फेऱ्या व्हायला हव्यात. त्याहून कमी झाल्या तर पट्टा शेजारच्यात बुडून जातो, बोटाला लागत नाही. एवढ्याच्या सहा झाल्या असत्या.

तिनं टोपलं खाली ठेवलं आणि नाल्यावर आंघोळीला गेली.

आता माझा दुसरा येडेपणा ऐका. पहिला नकळत केला होता, हा कळून. लग्नात माझ्याही नावाची कोकरी झाली होती, आणि तिची पहिली कातरणी, जावळ म्हणतात ती, माझ्या पेटीत फडक्यात बांधून होती. मऊसूत, काळी. मी फडकं सोडलं, त्यातली अर्धी घेतली आणि पाचव्या टोपल्यात मिसळली. जिवंत माणसाची लोकर त्या घोंगडीत जात नसते. गेली तर ते माणूस वर्षाच्या आत पितरांत जाऊन बसतं, असं सासूबाईंनी बजावलं होतं. पण मी शिकलेली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. म्हणजे, ऊन असेपर्यंत नव्हता.

आत्याबाई आली, टोपल्यात हात घातला, एकदा ‘कट्’ झालं. मी दुसऱ्याची वाट बघत श्वास धरून उभी. तो काही आला नाही. तिनं चरखा ओढला आणि कातायला बसली.

घोंगडी झाली. पितरपाट्याच्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः अंथरली. चार ताटं मांडली. आत्याबाईनं आतून दुधाची एक वाटी आणली आणि घोंगडीच्या कडेला ठेवली.

"अक्का, हे काय?" सासरे म्हणाले.

"हात ठिव."

"अक्का, आपलं ठरलं व्हतं..."

"तुमचं ठरलं व्हतं. हात ठिव मनले."

सासऱ्यांनी वाटीशेजारी हात ठेवला. त्यांनाही ती बोटं लहानपणापासून होतीच, मेंढरावाल्याचीच ती. भावाच्या कुरळ्या पट्ट्यावरून पुढं सरकली आणि थांबली. मी पदराचं टोक चावत बघत होते. ती मुलगी जन्मली तेव्हा सासरे दहा वर्षांचे. तिला काखेला मारून मेंढरांत हिंडायचे, हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. मग त्यांनी ती वाटी उचलली, आणि आता बाहेर नेऊन ठेवतात की काय असं मला वाटलं, तर आपल्या आईच्या ताटाला लागून ठेवली.

"आजीपशी ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

आत्याबाईनं त्या दिवशी दोन वेळा जेवण मागून घेतलं.

आणि पंधरा दिवसांत मला हिवताप भरला. दात वाजायला लागले तशी माझी तीन यत्तांची विद्या घाम होऊन निघून गेली. मला चांगलं समजलं, मी चाललेय. स्वतःच्या हातानं स्वतःला घोंगडीत घातलंय, पुढच्या वर्षी पाचवं ताट माझं. टोचऱ्या आजेसासऱ्यांच्या शेजारी जन्मभर, म्हणजे मरणभर, बसावं लागणार म्हणून मी रडत होते. आत्याबाई उशाशी काढ्याची वाटी घेऊन बसली होती. मी तिचा हात धरला आणि सगळं ओकून टाकलं. फडकं, जावळ, नाल्यावरची आंघोळ, सगळं.

तिनं काढा माझ्या तोंडाला लावला, एक घोट जबरीनं पाजला, पदरानं माझं तोंड पुसलं, आणि मग म्हणाली:

"मला कातायला बसले तवाच कळलं, येडे. तुझी लोकर तुझ्यावानीच हाय, नाक वर करून बसती. ऱ्हाऊ दिली म्या. आन् मरायबिरायला काय भ्यायलीस? माझी बी मूठभर हाय तिथं, म्या मेले का? तीन म्हैन्याचं लेकरू हाय ते. कुनी जितं माणूस कुशीला असल्याबिगर झोपतंय व्हय?"